सातवीचं गणित

घाटंजी,
दि. २ ऑक्टोबर २००५

तीर्थरूप रजनीआत्यास,
केतकीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तीस वर्षं उमरखेडला गणित शिकवून तू सुटलीस, आणि तुझी भाची आपणहून त्यात पडली.

माझ्या दहावीच्या वर्गात वैष्णवी नावाची मुलगी आहे. वहीत तिच्या सहाचा नऊ होतो, ओळ बदलली की वजाचं चिन्ह गायब होतं. सगळ्यांनी तिला ढ ठरवलंय, आणि गावातले निम्मे मिक्सर तीच दुरुस्त करते! नागपूरला तीन खेपा घालून मी तिला अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवून दिलं. एकदा फळा पुसून टाकला आणि नुसतं विचारलं, की वेचणीची सारख्या वजनाची तीन गाठोडी आणि पाच किलो सुटा कापूस मिळून पन्नास किलो, तर एक गाठोडं किती? पटकन पंधरा म्हणाली. वर मलाच शिकवलं, “सुटा आधी बाजूले काढा लागते मॅडम, मंग तीन हिस्से करा लागते.” आता एक्सला ती गाठोडंच म्हणते.

पेच असा आहे. बोर्डाचा फॉर्म पंधरा दिवसांत भरायचाय. प्रमाणपत्रावर बीजगणित ठेवून जादा वेळ आणि लेखनिक घेता येतो, नाहीतर बीजगणित-भूमिती सोडून सातवीचं अंकगणित घेता येतं. अंकगणित घेतलं तर पास नक्की, पण पॉलिटेक्निकचं दार बंद, आणि तिला इलेक्ट्रिकललाच जायचंय. मुख्याध्यापक सदाशिवराव सरांना शंभर टक्के निकाल हवाय. कापसाचे भाव असे पडल्यापासून इकडे घरोघरी दहावीच्या कागदाकडे डोळे लागलेत. तिची आई सत्यभामाबाई म्हणाली, “तुमीच पाहा मॅडम, आमाले काय समजते.” मला तर रडूच आलं. तू सांगशील तसं करते.

उत्तर लवकर दे, आणि रागावायचं असेल तर थोडी माया घालून रागाव.
तुझी,
केतकी


उमरखेड,
दि. ८ ऑक्टोबर २००५

चि. केतकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून तुझ्या वडिलांवरच गेलेलं आहे, वाचायला चष्मा दोनदा पुसावा लागला.

अंकगणित भर. गाठोडी वर्गात ठीक आहेत. बोर्डाच्या पेपरात एक्सच येतो, आणि तपासणारा काही कापूस वेचून आलेला नसतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. दहावी नापास म्हणजे काय, ते मी घरात रोज बघते. आपला क्षितिज गणिताला तीनदा बसला, तीनदा राहिला. एकतिसाव्या वर्षी दिवसभर रेडिओ लावून बसतो आणि मी, त्याची आई, खोलीत आले की उठून जातो. त्या पोरीचं तसं नको व्हायला.

जेवणाची आबाळ करू नकोस. इकडे सगळं ठीक, तिकडचं कळवत जा.
तुझी आत्या,
रजनी


घाटंजी,
दि. १२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसा फॉर्म भरला, हे तुला फोनवर सांगितलं होतं. एक सांगितलं नव्हतं. वैष्णवी त्या आठवड्यात आईबरोबर वेचणीला गेली होती. मी तिला विचारलंच नाही.

पूर्वपरीक्षेला तिने हट्टाने सगळ्यांबरोबर बीजगणिताचा पेपर मागितला. मी लेखनिक म्हणून आठवीतली मुलगी दिली, अर्धा तास जादा दिला. पंचाहत्तरपैकी बावन्न! माझ्या हातून कुठे दया तर झाली नाही ना, म्हणून तीनदा तपासला. वर्गात चौथी आली. नाव वाचलं तेव्हा ती इतकी हसली, की पुढचं मी तिला शाळा सुटल्यावर सांगितलं. बोर्डात हा पेपर तुझा नाही म्हणाले, तर म्हणाली, “तुमीच म्हणत होत्या ना तुले येते म्हणून? मंग फारम भरतानी काहून नाई म्हटलं?”

सर म्हणतात, नावं वर गेली, आता काही बदलत नाही. मी यवतमाळच्या शिक्षण कार्यालयात दोनदा जाऊन आले, तिथेही तेच. ती पोर रोज माझ्यासमोर सातवीचं पुस्तक उघडून बसते आणि मला वर्गातून पळून जावंसं वाटतं. आत्या, मला तुझा राग आलाय. माझा त्याहून जास्त.

तरीही तुझीच,
केतकी


उमरखेड,
दि. १९ फेब्रुवारी २००६

चि. केतकीस,
अ. उ. आ.

रागावलीस ते बरोबरच आहे. तुझ्या वैष्णवीचा विचार मी केलाच नव्हता. मी क्षितिजचा केला.

तुझं पहिलं पत्र त्याच्या हाती लागलं. वाचून मला म्हणाला, की आई, माझेही सहाचे नऊ व्हायचे. केतकी, त्या नवांसाठी मी त्याला पट्टीने मारलंय. तेव्हा असली प्रमाणपत्रं नव्हती म्हणून मी सुटत नाही. सारं गाव मला गणिताची बाई म्हणतं, आणि माझ्या घरातलं मला दिसलं नाही.

एक कर. ती पास झाली की तिला बीजगणिताला बाहेरून पुन्हा बसव. ऑक्टोबरला क्षितिजही बसतो म्हणतोय. गाठोड्यांनी शिकवते त्याला. माझा आवाज मधूनच चढतो, पण आता तो उठून जात नाही.

माझ्यावरचा राग पुरा झाला की दोन ओळी लिही.
तुझी आत्या,
रजनी


घाटंजी,
दि. ४ जुलै २००६

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वैष्णवी पास झाली. अंकगणितात पंचाहत्तरपैकी एकाहत्तर. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, सरांनी मला शाल आणि नारळ दिला. सत्यभामाबाई शाळेत पेढे घेऊन आली आणि माझ्या पाया पडू लागली. मी तिला कशीबशी उठवली.

काल वैष्णवीला घेऊन पुन्हा यवतमाळला गेले. टेबलामागच्या बाई भल्या होत्या, नियमांची फाइल दोनदा चाळली. म्हणाल्या, नापास विद्यार्थ्याला पुन्हा बसता येतं, पण पास झालेल्याला सोडलेला विषय घेता येत नाही. मी क्षितिजदादाचंही विचारलं. त्याला काही अडचण नाही, तो नापास आहे.

परतताना घाटंजीला एसटीतून उतरल्यावर तिने विचारलं, “मॅडम, मी नापास झाली असती तं बरं झालं असतं का?”

आत्या, मी हो म्हणाले.

दादाला नीट शिकव. माझ्यावरची माया कमी करू नकोस, सध्या तिची फार गरज आहे.
तुझी,
केतकी