एका चुलीवरचे

अकोट, ३ ऑगस्ट १९६१
चातुर्मासाच्या प्रवचनात मठाचे महाराज आज घसरले. म्हणाले, दोन पुरुष नवराबायकोसारखे नांदतात, अशांना गावाबाहेर काढा. नाव घेतलं नाही. तरी सगळ्यांनी वळून भगवंत शिंप्याकडे पाहिलं. तो आणि देवमन कंपाउंडर अकरा वर्षं एका खोलीत राहतात. कोणाचं काय बिघडलं? आमचं विवेक मंडळ गप्प बसणार नाही. अध्यक्ष मी. उरलेल्या दोन सभासदांची बदली झाली आहे.

५ ऑगस्ट
घरमालक पंजाबरावांनी दोघांना खोली सोडायला पोळ्यापर्यंत मुदत दिली. पंजाबराव गावचं साप्ताहिक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. माझं निषेधाचं पत्र छापून आलं की मुदत मागे घेतील. नक्की.

९ ऑगस्ट, दुपार
पत्र अडलं. या गोष्टीला धड शब्दच नाही. बाजारातला शब्द म्हणजे शिवी, डॉक्टरांचा इंग्रजी शब्द म्हणजे रोग. भगवंतकडे माप द्यायला गेलो (निषेधसभेला नवा कोट हवाच). त्यालाच विचारलं. टेप गळ्यात टाकून म्हणाला, "मास्तर, आमी एका चुलीवरचे. इतकंच लिवा न." फारच घरगुती. लिहिला, खोडला.

२० ऑगस्ट
पत्र तयार! ‘सदर नाजूक प्रश्नी महाराजांच्या उद्गारांनी प्रत्येक सुज्ञ नागरिकास जे वाटले, तेच आम्हासही तीव्रतेने वाटते.’ खाली ‘एक शिक्षक’. बायकोला वाचून दाखवलं. वच्छला म्हणाली, "हे कोनाच्या बाजूनं हाय?" तिला उपरोध कळत नाही.

२ सप्टेंबर
छापून आलं. मथळा संपादकांचा: ‘महाराजांस शिक्षकवर्गाचा पाठिंबा’. ‘एक शिक्षक’ कोण, हे गावाला कळलंच; मठातून पेढे आले. चांगले होते. खुलासा पाठवीनच. आज अंगात त्राण नाही.

६ सप्टेंबर
शाळा तपासणी. खुलासा राहिला. उद्या.

११ सप्टेंबर
पोळा झाला. पंजाबरावांनी भगवंतला कात्रण दाखवलं म्हणे. "आता तं तुमचे मास्तरबी तेच म्हनून रायले." सकाळच्या एस.टी.ने दोघे अकोल्याला गेले. दोन पेट्या, शिलाई मशीन, एकच शेगडी. वच्छला भाकरी घेऊन स्टँडवर गेली होती. मला जाववेना. लाज वाटली.

जाताना भगवंतने माझा कोट तिच्याजवळ दिला. घालून पाहिला. कुठेही ओढत नाही, असा कोट मला आजवर कोणी शिवला नव्हता.

वच्छलेने विचारलं, "कोन्त्या सभेत घालसान?"

म्हटलं, तारीख ठरायची आहे.