बंद दारापुढची वेदी

पनवेल,
२७ ऑक्टोबर १९५९

प्रिय फिलू,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर गेलं नाही म्हणून तू मनात काय काय धरलं असशील, याची मला कल्पना आहे. तू एकच गोष्ट विचारली होतीस, घरी येऊ का. पण तिचं उत्तर माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. ये म्हणून लिहावं आणि तुझ्या पप्पांनी तुला दारातूनच परत पाठवावं, हे मला सोसलं नसतं. नको म्हणून लिहायला तर हातच वळत नव्हता. तुझं पत्र मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा घडी घातली, आणि सकाळी ते मला माझ्या शिवणाच्या टोपलीत सापडलं. त्यानंतर मी रोज त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि रोज ते भाताकडे बघायचे. रविवारी काय घडलं ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं तुला खरं वाटायचं नाही.

रविवारी ख्रिस्तराजाचा सण झाला. यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला, त्यामुळे साक्रामेंताची मिरवणूक निघते की नाही अशी सगळ्यांना धाकधूक होती. पण सकाळपासून लख्ख ऊन पडलं. वेदीची वस्त्रं धुण्याचं काम अजून माझ्याकडेच आहे, त्यामुळे शनिवारी आपल्या मागच्या अंगणात दोरीभर पांढरं होतं. यंदा फादर नवे आहेत, तरुण आहेत, वसईकडचे. मिरवणूक कुठून जाते, कुठे थांबते ते त्यांनी एकदाच विचारून घेतलं, आणि सांगणाऱ्याने जुनीच वाट सांगितली. आपलं घर त्या वाटेवर दुसऱ्या थांब्याचं होतं, हे तू विसरली नसशील. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून आपल्या ओट्यावर मेज मांडलं जायचं, त्यावर फादर साक्रामेंत, सोनेरी किरणांच्या पात्रातली ती पवित्र भाकर, ठेवायचे, सगळा जमाव रस्त्यावर गुडघे टेकायचा. तू पहिल्यांदा पाकळ्या उधळायला गेलीस तेव्हा देवळापासून एकही पाकळी टाकली नाहीस आणि आपल्या दारात येऊन सगळी परडी उलटी केलीस. पुढे मिरवणूकभर रिकामी परडी हलवत चालली होतीस. पप्पा साक्रामेंतावरच्या कापडी चांदव्याची काठी धरून होते, त्यांना हसताही येईना.

तू गेलीस त्या वर्षीपासून ते मेज बाहेर निघालं नाही. पप्पांनी आधीच्या फादरना एवढंच सांगितलं, आमच्याकडे यापुढे थांबा नको. त्या दिवशी दार लावायचं, खिडकीही लावायची, आणि स्वतः मात्र नेहमीसारखी चांदव्याची पुढची उजवी काठी धरायची. दोन वर्षं साक्रामेंत आपल्या बंद दारावरून गेला. मी बायकांच्या रांगेत जपमाळ धरून चालायची आणि दार जवळ आलं की खाली बघायची. फिलू, वर्षभर आपण देवाकडे जातो. अंघोळ करून, कबुली देऊन, डोक्यावर पदर घेऊन. एक दिवस तो बाहेर येतो. किराण्याच्या दुकानावरून, मशिदीच्या कोपऱ्यावरून, मोटारी दुरुस्त होतात तिथल्या तेलकट रस्त्यावरून. कुणी यायचं राहिलं असेल, कुणाला यायला तोंड नसेल, म्हणून तोच निघतो. मला ही मिरवणूक नेहमी अशी वाटली. आणि नेमकं त्याच दिवशी आपण कडी लावून ठेवत होतो. हे मी पप्पांना बोलून दाखवलं नाही. त्यांचं दुःखही मला दिसत होतं.

लोकांना आम्ही काय सांगितलं होतं, तेही तुला लिहिलं पाहिजे. तू नाशिकला नर्सचं शिकायला गेलीस, एवढंच. धर्मराजांशी नोंदणी करून लग्न केलंस, देवळाबाहेर, हे आपल्या माणसांत चार घरांना माहीत. समोरच्या ठमाबाईला नाही. तिने पहिल्या काही महिन्यांत विचारलं, फिलूची सुट्टी कधी, आणि मी काहीतरी पुटपुटून आत गेले. मग तिने विचारणं सोडलं. पुढे मात्र दिवाळीला तिच्याकडून फराळ यायला लागला तो डबा भरून, पूर्वीच्या दुप्पट. मी नाताळात तो डबा गोडधोड भरून परत करायला गेले की म्हणायची, राहू दे बाय, औंदा नको. मला वाटायचं, तिला मधुमेह सांगितला असेल.

तर रविवारी मिस्सा झाली आणि चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे क्रूस, मग पाकळ्यांच्या मुली, मग चांदव्याखाली फादर. पहिला थांबा झाला. आपल्या गल्लीत वळलो आणि मी सवयीने खाली बघितलं, तर पायाखाली रांगोळी. वर बघितलं तर आपला ओटा शेणाने सारवलेला, दाराला झेंडूचं तोरण, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि बंद दारापुढे ठमाबाईच्या घरचं मेज. त्यावर तिचं हिरवं जरीचं लुगडं अंथरलेलं, समई पेटवलेली, आणि मधोमध कलशावर नारळ. शेजारी ठमाबाई हात जोडून उभी, नथ घालून. आम्ही देवळात होतो तेवढ्या वेळात तिने सुनांना हाताशी धरून हे सगळं उभं केलं होतं.

फादरना काय माहीत. त्यांना सांगितलेलं घर, मांडलेली वेदी. ते थांबले. मागच्या काठ्या धरणारे थांबले. पुढची डावी काठी जोकीमकडे होती, तोही थांबला. तुझे पप्पा थांबले नाहीत. ते समोर बघत पुढे चालले, आणि चांदवा तिरका झाला. त्याची झालर फादरांच्या कपाळाला लागली. जोकीम दातांतल्या दातांत म्हणाला, पास्कोल, अरे थांब. त्यांनी काठी दुसऱ्याच्या हातात देऊन सरळ निघून जावं, एवढा राग त्यांच्यात होता, हे मला माहीत होतं. ते गेले असते तर तुझ्या पत्राचं उत्तरही तिथेच झालं असतं. घंटा वाजायची थांबली. सगळी गल्ली त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग त्यांनी मान वळवली, तोरण बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि एक पाऊल मागे आले. चांदवा सरळ झाला.

फादर नारळाकडे बघत होते. साक्रामेंत हातात, आणि ठेवायला जागा नाही. मी रांगेतून पुढे झाले. पदराच्या गाठीतली किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि फिलू, मिरवणुकीसाठी दोन वर्षांनी आपलं पुढचं दार उघडलं. पेटीतून धुतलेलं वस्त्र आणलं. ठमाबाईला कानात म्हटलं, कलश बाजूला घेऊ का, वाईट वाटून घेऊ नका. ती म्हणाली, घे की, पाहुना येतोय तर जागा नको? लुगड्यावर मी ते पांढरं वस्त्र पसरलं आणि फादरांनी साक्रामेंत ठेवला. सगळे गुडघ्यांवर आले. काठीवाले उभेच असतात, म्हणून पप्पा उभे होते, आपल्या उघड्या दाराच्या अगदी समोर. धूप झाला, आशीर्वाद झाला. ठमाबाई आमचं बघून गुडघे टेकायला गेली, तिला ते जमेना, सुनेने धरून बसवलं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

मिरवणूक देवळात पोचली आणि आम्ही दोघं घरी आलो, तर ती समई विझू नये म्हणून तिथेच बसलेली. पप्पा पायरीवर उभे राहिले. आता हे तिला काही बोलतात की काय, अशी मला भीती. त्यांनी हळूच विचारलं, हे कुणी करायला सांगितलं तुम्हाला. ती म्हणाली, सांगायला कशाला पायजे, पास्कूदादा. सुतक वरसाचं असतं. तुमी दुसरंही वरीस तसंच घालवलं, मी गप ऱ्हायले. तिसऱ्याला देव दारातून परत जाताना बघवंना. मला आधी काही कळेना. मग तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, पोरीला माज्या हातचं खायला मिळालं नाय परत, म्हून तुमच्याकडं फराळ जास्ती धाडत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मृत्यू झालेल्या घरी दिवाळी करत नाहीत, शेजारी फराळ देतात आणि परत घेत नाहीत. तू नाशिकला गेलीस आणि तिथेच वारलीस, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. आमचं बंद दार, काढून ठेवलेलं मेज, तुझं नाव न काढणं, याचा तिने तिच्या रीतीने अर्थ लावला होता. आणि विचारून आमच्या जखमेवर बोट ठेवायला नको म्हणून ती गप्प होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी तुझे पप्पाच बोलले.

"फिलू आहे," ते म्हणाले. "नाशिकला आहे. बरी आहे."

ठमाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने समईकडे बघितलं, केळीच्या खांबांकडे बघितलं.

"जिती हाय पोर?" ती म्हणाली. "मंग सुतक कोनाचं धरलंत?"

पप्पा खाली पायरीवर बसले. ठमाबाईला मग राग आला, खरा राग. तिने मला ऐकवलं, त्यांना ऐकवलं, दोन वर्षं तिला विनाकारण रडवलं म्हणून ऐकवलं, आणि तिचं लुगडं घडी घालून काखोटीला मारून ती रस्ता ओलांडून गेली. जाताना म्हणाली, माजं मेज तुमी आणून द्या. पप्पांनी ते डोक्यावर घेतलं आणि एकटेच पोचवून आले. पलीकडून त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. काय बोलले ते मी विचारलं नाही. पण परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चकलीचा तुकडा होता.

काल सकाळी ते दाढी करत होते. आरशातूनच मला म्हणाले, तिचे दिवस कधी भरतात? मी म्हटलं, जानेवारीत, पत्रात लिहिलं होतं की. म्हणाले, वाचलंय मी, पण तेव्हा तिकडे लक्ष लागलं नाही. मग साबण तसाच वाळत ठेवून म्हणाले, पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायला हवं, तिला लिही. तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे, बाळे. तू ये. नाताळाच्या आधी ये, एकटीने प्रवास करू नकोस. पप्पा स्वतः तुला न्यायला नाशिकला येणार आहेत. एसटीत बसायला पुढची जागा मिळेल का, याची चौकशीही ते आजच करून आले. धर्मराजनाही बरोबर यायला सांग. पप्पांनी त्यांच्याबद्दल अजून एकच प्रश्न विचारला आहे, आणि मी तो जशाचा तसा लिहिते: त्याला मासळी चालते का? चालत नसेल तर आधीच कळव, म्हणजे मी तेवढी तयारी ठेवते.

तुझीच, वाट बघणारी
आई