शंभर तासांचा पट्टा

२ सप्टेंबर १९७४, सांगली
आज कामावर लागलो. जागा झ्याक हाय. पत्र्याची शेड, म्होरं लिंबाची सावली, दोन टायमाला च्या. माजा एकुलता एक नाथाजी हितंच फिटर, त्यानंच सायबास्नी सांगून मला लावलं. आर्मीत गाड्या दुरुस्त केलेला हवालदार, पेन्शनीत बसून काय माशा मारू? उसावर औषध मारायची जुनी विमानं हायती. त्यांचा पेट्रोलचा पंप इंजनावरच्या रबरी पट्ट्यानं फिरतो. त्यो पट्टा आमी आदी हितं मोटरीवर शंभर तास पळवायचा, दर तासाला हात लावून बघायचा. मगच विमानात. सून विजयमालानं भाकरी बांधून दिली, वर सांगितलं, मामंजी, कुणावर खेकसू नगा.

९ सप्टेंबर
चाळीस तास झालं. पट्टा गार, सरळ. आमी आर्मीत ह्याच्यापरीस फाटक्या पट्ट्यावर ट्रक हाणलं. नाथा म्हणला, नाना, शंभर म्हंजी शंभर. मी म्हणलं, गप रं, बापाला शिकवतोस व्हय. त्यो गेल्यावर कागदावर शंभर लिवलं, सही ठोकली. उगंच कौतुक.

१४ सप्टेंबर
नाथानं पट्टा बसवला आन् चाचणीला सोता विमानात बसून गेला. वर पट्टा तुटला. पंप बंद. कऱ्हाडच्या अलीकडं उसात पडलं. पायलट आन् त्यो, दोघंबी गेलं.
मला बघू दिलं न्हाई.

२५ सप्टेंबर
चौकशी झाली. कागदावर शंभर तास, माजी सही. म्हंजी पट्टा चांगला. मग फिटरनंच वाकडा बसवला, असं सायबांनी लिवलं. मी तिथंच उभा हुतो.
घरी विजयमालानं इचारलं, त्यांचं खरंच चुकलं का. मी जेवत ऱ्हायलो.

२८ सप्टेंबर
कामावर आलो. मोटरीवर नवा पट्टा चढवला. दुपारी लाईट गेली. मोटर बंद. पट्टा फिरतच हुता. वॉचमन धुळाला हाक मारली, त्यो आला तर पट्टा थांबलेला. म्हणला, हवालदार, ऊन लागलं तुमास्नी. हात लावला तर चटका बसला. तासाचं मीटर मी त्या पट्ट्याच्या चाळिसावरच सोडलेलं. आता एक्केचाळीस.

३० सप्टेंबर
चौसष्ट. फ्यूज काढून खिशात ठेवलाय, तरी फिरतोय. बेअरिंगला लाकडी दांडी लावून कान टेकला. यंत्रातला बिघाड आसाच कळतो. आत नाथा.
"नाना, अजून तास ऱ्हायलं."

२ ऑक्टोबर
अठ्ठ्याऐंशी. धुळानं बघितलं. काम सोडून जतला गेला. मी न्हाई जात. कान टेकून बसतो. आदी भ्या वाटायचं, फिरतंय म्हणून. आता थांबंल म्हणून —

३ ऑक्टोबर
नव्व्याण्णव.
विजयमाला, ही वही सायबास्नी दाव. पट्टा त्यानं नीट बसवला हुता. चाळिसावर शंभर मी लिवलं. मी.
मीटर सरकतंय. शंभर भरलं की आवाज बंद. मग माजा पोरगा —
उजव्या हातानं लिवतोय. डाव्यानं पट्टा धरतो, मीटर भरू देत न्हाई. थांब रं नाथा, जरा