नऊ नंबरची जर्सी

प्रिय अप्पा,

जयभीम. तुम्ही जाऊन आठ महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. रडायला नव्हे, ते झालं. आज तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. उद्या सकाळी दहा वाजता आपल्या फुटबॉल मंडळाची बैठक आहे, त्याआधी हे भांडण उरकून घ्यायला हवं.

बैठक कशाची, हे विचारताय होय? बसूची! तुम्हाला भर मैदानात धक्का देऊन पाडणाऱ्या बसूची. त्याला पुन्हा टीममध्ये घ्यायचं की नाही, यावर दोन वर्षं झाली तरी आपली गल्ली दमलेली नाही. मी मात्र दमले, अप्पा.

आठवडाभर आपल्या कट्ट्यावर नुसती वर्दळ आहे. एक घोळका येतो आणि म्हणतो, शिस्त म्हणजे शिस्त, रेफरीच्या अंगावर जाणाऱ्याला पुन्हा बूट घालू द्यायचे नाहीत. तो उठून जातो न जातो तोच दुसरा येतो. म्हणे, बसू नसला की बॉल मधून पुढे सरकतच नाही, दोन वर्षं पहिल्याच फेरीत तोंड पाडून परत येतोय, आणि तो आता एकतीसचा झालाय, अजून किती वाट बघायची? दोघांनाही चहा लागतो. आईने परवा साखरेचा डबाच लपवला.

आणि दोन्ही घोळक्यांचं शेवटचं वाक्य एकच. "अप्पा असते तर!" अप्पा असते तर त्यांनी त्याला हाकललं असतं. अप्पा असते तर त्यांनी त्याला माफ केलं असतं. तुम्ही असताना तुमची शिट्टी वाजली तरी कुणी थांबत नव्हतं, आणि आता बघा तुमच्या शब्दाला केवढी किंमत आलीय!

मंडळाचे सेक्रेटरी शंकरमामा काल आले. खुर्ची ओढून म्हणाले, "सुजाता, तुमच्या घराचा शब्द शेवटचा. अर्ज तूच दिलतीस न्हवं? आता तूच सांग बगू, काय करूया?"

अर्ज मीच दिला होता. खरं आहे. तुम्हाला त्या संध्याकाळी रिक्षातून घरी आणलं तेव्हा तुमचा उजवा खांदा सुजला होता आणि शर्टाला पाठभर लाल माती लागली होती. माझं डोकंच फिरलं. चार ओळींचा अर्ज लिहिला, मंडळाचा कारभार चालतो त्या कन्नडात, अगदी कडक. अशा माणसाला कायमचं बाहेर काढा. तुमच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. तुम्ही सही केली नाहीत. "हात दुखतोय गं," म्हणालात. मग मीच खाली माझी सही ठोकली आणि तशीच चप्पल घालून निघाले.

त्या दिवसानंतर तुम्ही शिट्टी हातात घेतली नाहीत. आठवडाभर तारिहाळच्या कारखान्यात फिटर आणि रविवारी रेफरी, हे तुमचं वीस वर्षांचं गणित एका दिवसात संपलं. कुणी विचारलं की खांदा दाखवायचात. आम्हाला वाटलं, चारचौघांत पडल्याचं मनाला लागलं. मी त्याचाही राग बसूवर काढला. तुमच्या अंत्ययात्रेला तो आला होता, अप्पा. फाटकाबाहेर फुलं घेऊन तासभर उभा होता. मी त्याला बघितलं आणि तोंड फिरवलं. आईने दोनदा खुणावलं, तरी आत बोलावलं नाही.

शंकरमामांना तुमची शिट्टी हवी होती, हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठी. म्हणून आज सकाळी तुमची काळी पिशवी उघडली. शिट्टी मिळाली, तिचा दोरा आईनेच विणलेला. नाणं मिळालं. आणि पिवळं कार्ड मिळालं. त्याच्या पाठीवर तुम्ही कागद चिकटवायचात आणि ज्याला कार्ड दाखवलं त्याचा नंबर पेन्सिलीने लिहायचात. एकाच नंबरला दोनदा पिवळं झालं की लाल, चल बाहेर. सामना संपला की तो कागद खरवडून काढायचात, लहानपणी ते काम माझ्याकडे असायचं.

हा कागद तुम्ही काढला नव्हता.

पेन्सिलीने लिहिलंय : पहिला भाग, नऊ. दुसरा भाग, नऊ. आणि त्याखाली निळ्या शाईत, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात : "पहिला नऊ शिवू. दुसरा नऊ बसू. जर्सी एकच. मीच चालवून घेतलं. चूक माझी."

मी पिशवीशेजारीच खाली बसले. सगळं आठवलं. त्या दिवशी बसूला दुर्गदबैलच्या बाजारातून कापडाचे गठ्ठे रायापूरला पोचवायचे होते. त्याची मालवाहू रिक्षा अडकली, आणि तो धावतपळत आला तो मध्यंतराला. पोरांकडे जर्सी अकराच! पहिल्या भागात त्याच्या जागी खेळलेल्या शिवूने अंगातली घामाने भिजलेली नऊ नंबरची काढून त्याच्या हातात दिली. खरं तर नियमात बसत नाही. पण तुम्ही हसून मान वळवलीत. मी मैदानाच्या कडेला होते, मला ते हसणं दिसलं होतं.

पुढे बसूने एकाला आडवा पाय घातला. तुम्ही पिवळं दाखवलंत, कागद बघितलात, नऊवर आधीच एक होतं, आणि लाल काढलंत. शिवूचं कार्ड बसूच्या माथी! तो ओरडत होता, "नंदल्ल री, सर, नंदल्ल!" माझं नाही, माझं नाही. आम्ही सगळे हसलो. म्हटलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाय घातला आणि म्हणतो माझं नाही! तो पहिल्या कार्डाबद्दल बोलत होता, हे त्या गोंधळात कुणाला कळणार? आणि बसू तापट म्हणून आधीच बदनाम. मग त्याने धक्का दिला आणि कार्डाचा विषयच संपला.

टीमवालेही गप्प बसले. जर्सीची अदलाबदल उघड झाली असती तर हातातला सामना गेला असता ना!

त्यांचं सोडा. तुम्ही गप्प का बसलात, अप्पा? तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं, म्हणूनच हात दुखला ना? मग मला दारातून परत का नाही बोलावलंत? "सुजे, थांब," एवढंच म्हणायचं होतं! मला शाळेत एका मार्कासाठी खोटं बोलले म्हणून बाईंसमोर उभं केलंत, आणि स्वतःच्या वेळेला पिशवीची चेन ओढून टाकलीत?

कार्ड पर्समध्ये टाकलं आणि दुर्गदबैल गाठलं. बसू रिक्षात गठ्ठे चढवत होता. मला बघून गठ्ठा खाली ठेवला आणि कपाळ पुसलं. मी कार्ड पुढे धरलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हूं, अक्का."

"मग दोन वर्षं तोंड शिवलं होतंस काय?"

"बोलून काय करू? कार्ड चुकलं सरांचं. धक्का तर माझाच हुता की. म्हातारा माणूस पडला." मग गठ्ठ्याची सुतळी ओढत म्हणाला, "सर आलते एकदा हितं. माझ्या रिक्षात बसून पार स्टँडपर्यंत आले. कायबी बोलले न्हाईत. उतरताना म्हणाले, गुडघा बरा हाय न्हवं रे? सराव सोडू नको."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हूं म्हटलं. दोघं बी तसेच."

बघा, एवढ्या लांब गेलात, शेजारी बसलात, आणि गुडघ्याची चौकशी करून आलात! मला हसू आलं, अप्पा, आणि तिथेच भर बाजारात रडूही आलं. बसूने हातगाडीवरून चहा मागवला. तो फाटकाबाहेर उभा होता त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे अक्का, ऊन न्हवतं."

आता रागही उरला नाही. तुमच्यावर रागवायला गेले की माझ्याच सहीचा अर्ज समोर येतो. मी तरी कुठे विचारलं होतं कुणाला? पाठीवरची माती बघितली आणि पेन उचललं. आईला दुपारी सगळं सांगितलं. ती शिट्टीचा दोरा सरळ करत म्हणाली, "त्यांना रात्री झोप लागायची न्हाई. मला वाटायचं खांद्यानं."

तर उद्याचं सांगते. बैठकीत मी आधी माझा अर्ज परत मागेन. त्याने धक्का दिला, हेही सांगेन, ते लपवणार नाही. मग तुमचं कार्ड टेबलावर ठेवेन. "अप्पा असते तर" म्हणणाऱ्या सगळ्यांना तुमच्याच अक्षरातलं उत्तर वाचून दाखवेन, आणि बसूला खेळू द्या म्हणेन. तुमचं नाव चार लोकांत थोडं खाली येईल. येऊ दे, अप्पा. मी तिथे उभी असेन.

आणि तुम्ही जिथे "चूक माझी" लिहून ठेवलंय, त्याच्या खाली थोडी जागा आहे. तिथे सगळ्यांसमोर मी माझी सही करेन. त्या दिवशीसारखी तुमच्याऐवजी नाही. तुमच्यासोबत.

तुमची,
सुजाता