नावेत बसवलेला रुमाल

३ बहमन, १३४९ फसली
पूर्णेहून गंगाखेडपर्यंत रेल्वेने, पुढे छकड्याने बेटसावंगीस सुखरूप पोचलो. इथल्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो. शाळेची खोली कोरडी, हवा उत्तम. मुक्काम उमाजी नावाड्याच्या ओसरीलगतच्या खोलीत. त्याची बायको कासाबाई भाकरी देते. जाड, पण चव आहे. समोर गोदावरीच्या मधोमध बेट, बेटावर काळा किल्ला. लोक गड म्हणतात. चूक. चहूकडे पाणी, तेव्हा जलदुर्ग.

५ बहमन
चावडीत आबासाहेब पाटलांनी विडा ठेवला: गडाच्या दारावरचा फारसी लेख कोण वाचून येतो? सगळे खाली बघत बसले. मी गुरूविना मोडी नि फारसी शिकलेला माणूस. उचलला. उमाजी हळूच म्हणाला, "मास्तर, लय घाई केली तुमी."

८ बहमन
नावेपर्यंत गेलो. भर दुपारी गडाच्या दारात अंधार. पाय उचलेना. ताप चढल्याचे सांगून परतलो. ताप मुळीच नव्हता.
विडा उचलणारा आजारी पडला, तर त्याचा रुमाल नावेत बसवून गडावर पाठवायचा, ही इथली रीत. डोक्याचा सोडून मुकाट दिला. कासाबाई म्हणाली, "रुमाल तरी धीराचा हाय का बघू."
उमाजीने बजावले: बरे वाटताच ज्याचा त्यानेच तो जाऊन आणायचा. न्हाईतर गड रुमालालाच माणूस समजतो, आन् बसलेला उठून येतो.

१० बहमन
उमाजीने विचारले, रुमाल आणायला येता का? वारा फार आहे, म्हणालो. पान हलत नव्हते.
सांजेला बेटावरून कोणी फारसी वाचायला लागले. आवाज माझा. जिथे मी अडखळतो, तिथे तो अडखळला नाही.

१२ बहमन
आबासाहेब रस्त्यात माझ्याकडे न बघता गेले. मास्तर गडावर हाय, लय छातीचा माणूस, असे कोणाला तरी सांगत होते. मी इथेच आहे म्हणावे, तर तापाचे खोटे उघडे पडणार. लाज वाटली. खोलीकडे वळलो.

१३ —
भाकरी आली नाही. उमाजीला हाक दिली. त्याने तेवढी ऐकली, पण नजर माझ्या आरपार गेली. भ्यालो होतो, आत्ता ने, असे म्हणायचे होते. म्हणालो — उद्या.

१४ —
नाव आली. माझा रुमाल डोक्याला बांधलेला एक जण उतरला. चेहरा माझा, मान ताठ. घाट चढतोय —
कासाबाई सांगते आहे, या मास्तर, खोली तशीच हाय, आत कुनी न्हाई —
कडी वाजली. ओरडून सांगायला हवे, भ्यालो, खोटे बोललो, मीच तो — मी —