थॉर्नबीसाहेबाच्या मागे उभा माणूस

शॉमबर्ग, इलिनॉय
१४ जून २०२५

तीर्थरूप बाबा,

सुमेधाचा नमस्कार.

इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. राजीवचं ऑफिस, इलाचं स्विमिंग, माझी पाठ, सगळं नेहमीसारखं. नागपूरला यंदा उकाडा फार आहे असं तुम्ही फोनवर म्हणालात. दर फोनला म्हणता. मी तुमच्या अचानक परत जाण्याचा विषय काढला की तुम्ही उकाड्याचा काढता. म्हणून हे पत्र. यात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

सप्टेंबरपर्यंत राहणार होतात आणि मे महिन्यातच गेलात. "पावसाआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायला हवं," म्हणालात. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस, त्याला गच्चीची काळजी असणारच, असं मी राजीवला सांगितलं. गच्चीचं काम मागच्याच वर्षी झालंय हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

इलाच्या शाळेतल्या त्या 'वॅक्स म्युझियम'बद्दल लिहायचंय. चौथीतल्या प्रत्येकानं कुणीतरी मोठं माणूस व्हायचं, पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि कुणी पुढ्यातलं कागदी बटण दाबलं की आपली कहाणी सांगायची. तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही. बाकीची पोरं अंतराळवीर झाली, बास्केटबॉलवाले झाली. मला मेलीला काहीतरी वेगळं हवं होतं! लायब्ररीत तो जोसाया थॉर्नबी सापडला तेव्हा मी हुरळलेच.

त्याची कहाणी इलाला तुम्हीच सोपी करून दिलीत. लँकेशरच्या कापडवाल्याचा पोरगा, विशीत मुंबईला आला, कापूस घेऊन विलायतेला धाडायला लागला. इकडे अमेरिकेत यादवी पेटली, इथला कापूस अडकला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बाजार कोसळायच्या आत यानं पैसा काढून घेतला आणि त्यात इलिनॉयची माळरानं विकत घेतली, हजारो एकर. स्वतः इंग्लंडात बंगला बांधून बसला. इकडे कुळं राबतायत आणि खंड तिकडे जातोय! जमीन बघायला जेमतेम एकदोनदा आला म्हणे. "पक्का बेरकी," तुम्ही म्हणालात, आणि इला दिवसभर "बेरकी, बेरकी" करत घरभर फिरली.

मग तो फोटो. थॉर्नबी खुर्चीत ऐसपैस, आणि मागे फेटा बांधून, हातात ट्रे धरून आपल्याकडचा एक माणूस. मुंबईहून बरोबर आणलेला. खाली नाव फक्त साहेबाचं. तुम्ही लायब्ररीतल्या बाईंना विचारलंत, "या मागच्या माणसाचं नाव काय?" त्यांनी खूप शोधलं, कुठेच नव्हतं. तुम्ही बराच वेळ त्या फोटोसमोरून हलला नाहीत. आणि तुमच्या शेजारी उभं राहून मी काय म्हणाले? "बाबा, तुम्ही हा व्हा ना! काय भारी दिसेल!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हसलात. "नातीसाठी काय वाट्टेल ते," म्हणालात. फेटा मीच बांधला, यूट्यूब बघून. ज्यांच्या जीपचं दार उघडायला माणसं धावायची, त्यांच्या हातात मी ट्रे दिला आणि वर म्हणाले, "जरा वाका ना बाबा, फोटोत तो वाकलाय."

शाळेच्या जिममध्ये सगळे आपल्यासमोरच थांबत होते. उंच टोपीत थॉर्नबी झालेली इला आणि मागे तुम्ही. "सो ऑथेंटिक!" मी नुसती फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात पालक समितीची ती मुख्य बाई आली. तिच्या घरचं बोलावणं यावं म्हणून मी चार वर्षं शाळेत कपकेक पोचवतेय, तीच. तिनं गंमत म्हणून हातातला कॉफीचा रिकामा कप तुमच्या ट्रेवर ठेवला. तुम्ही हलला नाहीत. मग मानेनं तुमच्याकडे खूण करून तिनं मला विचारलं, "इज ही युवर हाउसहेल्प? फ्रॉम इंडिया?"

बाबा, मी हसून म्हणाले, "येस, काइंड ऑफ."

लिहिलं एकदाचं. महिनाभर हे वाक्य लिहायचं टाळत होते. का म्हणाले ते सांगते, पण ती सबब समजू नका. 'माझे वडील आहेत' असं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, अगं, वडिलांना नोकर करून उभं केलंस? त्या प्रश्नाची मला लाज वाटली. ती लाज टाळायला मी याहून मोठं निलाजरेपण केलं.

तुम्हाला ऐकू गेलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली. केवढा गोंगाट, आणि तुमचं कानाचं मशीन घरी राहिलं असेल. पण मशीन कानातच होतं. सकाळी त्याची बॅटरी मीच बदलली होती. परत येताना गाडीत तुम्ही इलाचं कौतुक करत होतात, जेवताना आमटी मागून घेतलीत, आणि त्याच आठवड्यात तिकीट बदललंत.

शाळेच्या शेवटच्या दिवशी इलाला आणत होते. मागच्या सीटवरून म्हणाली, "मॉम, व्हाय डिड यू लाय अबाउट आजोबा?" मी आरशात तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आय वॉज गोइंग टु टेल हर, ही इज माय ग्रँडपा. बट आजोबा सेड, हलायचं नाही, इला. पुतळे बोलत नाहीत."

मी गाडी कडेला घेतली आणि लेकीसमोर ढसाढसा रडले. तुम्ही नुसतं ऐकलं नव्हतंत. ऐकून तुम्ही माझ्या मुलीला गप्प केलंत, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून! माझी अब्रू सांभाळत तो कप ट्रेवर घेऊन उभे राहिलात.

काल त्या बाईला स्विमिंग पूलवर गाठलं आणि सांगितलं, ते माझे वडील आहेत, मी तुझ्याशी खोटं बोलले. ती लाल झाली. "ओ माय गॉड, मी त्यांच्या ट्रेवर कप ठेवला!" तिला कपाची लाज वाटली. तो ट्रे तुमच्या हातात कुणी दिला होता, ते मी तिला सांगितलं. मग आम्ही दोघी मुलींचं पोहणं बघत राहिलो.

परत या असं म्हणायला मला तोंड नाही. 'आता प्रवास झेपत नाही' असं तुम्ही म्हणता, ते मी खरं धरून चालत नाही. एवढंच करा, पुढच्या फोनवर उकाडा नको. रागवा माझ्यावर. शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं रागवा. तुमचं हे समजून घेणं मला सोसत नाही, बाबा. रागावून झालं आणि मनात आलं, तर तिकीट मी काढते.

त्या दिवशी त्या बाईला द्यायचं होतं ते उत्तर आज सहीत लिहिते आहे.

मनोहर देवतळ्यांची मुलगी,
सुमेधा