चिखलातला पुरावा

४ मार्च, सोमवार
आजपासून शकुनचं नाव तोंडात घ्याचं नाई. दुपारी एकडाव घेतलं, पन शिवी द्याले. ते धराचं नाई.
अकोल्याचा डॉक्टर म्हने, पोरीच्या किडनीत खडा हाये. रागिणी तीन वर्साची. लघवीले बसली का रडते. डॉक्टर म्हने, गोडं पानी पाजा. कुठून पाजू? आमची इहीर खारी.
काहून खारी? जाऊनं, म्हंजे शकुननं, दोघींच्या वावराच्या मधातल्या धुऱ्यावर बोअर मारलं म्हनून. गोडं तिनं ओढलं, खारं आमच्याकडं ढकललं. आमचे हे, किशोर, म्हनतात, आपली इहीर आबाजीच्या वखतीपासून खारी हाये. भावजयीची बाजू घेतात. त्यायच्याकडंबी पाहून घेईन.

७ मार्च
शकुननं घरच्या फिल्टरची कळशी भरून पाठोली. म्या अंगनात ओतून देली, तिच्या डोयासमोर. जिंकली मी.
संध्याकाई पोरगी रडली. उन्हानं रडली असंल.

११ मार्च
अमरावतीच्या कालेजातून ज्योत्स्ना मॅडम आल्या. गावाबाहेर जमिनीत पाइप ठोकून खोलची माती काढून रायल्या. म्हने, मातीत डोयाले न दिसनारे शिंपले असतात. काही जीव खाऱ्या पान्यात जगतात, काही गोड्या. कोन्त्या थरात कोन्ते मेले ते पाह्यलं का पानी कधी खारं झालं ते समजते.
कधी खारं झालं! मले तं नाचावं वाटलं. शकुनचं बोअर कधीचं ते मले पाठ हाये. आता पुरावा भेटते. मंग ग्रामपंचायतीसमोर तिले उभी करतो अन बोअर बुजोतो.
मॅडमकडं चिखल धुवाचं काम धरलं.

१३ मार्च
चिखल धुवाले मॅडम कॅनचं फिल्टर पानी वापरतात. मेलेल्या किड्यायले गोडं, माह्या पोरीले खारं! एक बाटली पदराखाली घरी आनली. चोरी नाई, जप्ती.

१५ मार्च
बाटली रोज आनतो. पोरगी रडत नाई. औषधाचा गुन असंल.
पुरावा कमी पडाले नोको म्हनून वरच्या, म्हंजे अलीकडच्या थराच्या मातीत मूठभर मीठ टाकलं. शकुन, गेली तू कामातून!
तेवढ्यात मॅडम म्हने, बाई, हेच पयले धुवून दे. धुतलं, बारीक चायनीवर, चांगलं निवळ पानी येईस्तोवर. मीठ नालीत गेलं.

१९ मार्च
मॅडमनं दुर्बिणीतून शिंपले दाखवले. त्यातून तिळाएवढे दिसले, नक्षीचे, कोनी बसून कोरले असे. मले आवडले. आवडाले नोको होते.
म्या इचारलं, शकुनच्या बोअरच्या सालचे कोन्ते? मॅडम म्हने, हे लय खोलचे. अजून पक्कं सांगत नाई, पन चारीकडून जमीन अन मधात खारं पानी, समुद्रासारखं, असं दिसते.
म्या म्हनलं, तवा शकुन नव्हती?
मॅडम म्हने, बाई, तवा अमरावतीबी नव्हती.
मंग बदला कोनाचा घेऊ? समुद्राचा? तो तं निघून गेला, मीठ इथंच ठेवून.

२१ मार्च
मॅडम गेल्या, कॅन गेले. इहिरीचंच पाजलं. पोरीची लघवी लाल. किशोरनं डॉक्टरले फोन लावला. तो म्हने, सकाळी घेऊन या, तवरोक पानी पाजत राहा. खारं नोको.
भेव वाटून रायलं.

२२ मार्च
काल तशीच शकुनच्या दारात गेली. शकुन म्हने, काय वो, मुकी झाली का? म्या कळशी पुढं केली. तिनं भरली, पन माह्या हातात देली नाई, सोताच घेऊन आली. पोरीले मांडीवर घेऊन घोट घोट पाजत बसली. म्हने, माह्यं बोअरबी खारंच लागलं वो, म्हनून तं फिल्टरचं मशीन घेतलं. हे मले कोनीच सांगतलं नव्हतं. किशोर म्हनतात, सांगतलं होतं.
आज अकोल्याहून आलो. डॉक्टर म्हने, खडा पडंल, पानी सोडू नोका.
समेट झाला नाई. वैर हाये तसंच हाये. शकुनशी मी एक शब्द बोलली नाई. फक्त उद्या किती वाजता येऊ, एवढं इचारलं.